आमच्या टेबलावरून : शेवटचा भाग, दुसऱ्यांदा



आषाढीचा अंक तुमच्या हाती पडायला या वेळी दहा दिवस उशीर झाला. एरवी आम्ही झेरॉक्सच्या मशीनवर खापर फोडून मोकळे होतो. या वेळी मशीन बिचारे धडधाकट होते. उशीर झाला तो आमच्यातच एकमत होईना म्हणून. तीन शनिवार आम्ही पाचजण स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाभोवती बसलो, चहावर चहा झाला, शेव-चिवड्याचा डबा रिकामा झाला, आणि प्रश्न होता तिथेच. प्रश्न असा : एखादी गोष्ट क्रमशः छापून संपली, लोकांनी वाचली, आणि मग लेखकाने तिचा नवा खर्डा आणून दिला, तर काय करायचे?

हकीकत सांगतो. ज्यांची आहे त्यांना विचारूनच सांगतो आहोत.

गेल्या गणपतीपासून यंदाच्या पाडव्यापर्यंत आपल्या अंकात आईची एक गोष्ट चार भागांत आली. लिहिणाऱ्या आपल्यातल्याच एक काकू. मिरजेचे घर, दोन भाऊ, थोरला आईजवळ, धाकटा इथे वोल्फ्सबुर्गला कारखान्यात. साल १९९४. आईला दवाखान्यात हलवतात, थोरला वेळेवर कळवत नाही, धाकटा पोचतो तेव्हा सगळे आटोपलेले असते. चौथ्या भागाच्या शेवटी धाकटा थोरल्याला एकच प्रश्न विचारतो, "एक फोन करता आला नाही?" थोरला मान खाली घालतो. तिथे गोष्ट संपली.

ती वाचून तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आम्हाला फोन केले. "आमच्याही घरी असंच झालं हो," म्हणणारे निघाले. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात ती भीती असतेच : अपरात्री वाजलेला फोन, आणि त्याहून वाईट म्हणजे न वाजलेला फोन. शनिवारच्या मराठी वर्गात मोठ्या मुलांना तिसरा भाग वाचून दाखवला गेला. आपल्या मंडळातल्या एका आजोबांनी चारही भाग पंच करून फाइलला लावले. आणि कोणीतरी सुट्टीला जाताना अंक बॅगेत टाकून नेले. ते पुण्याहून सांगलीला आणि सांगलीहून मिरजेला पोचले.

मिरजेला काकूंच्या थोरल्या दिरांनी ते वाचले. गोष्टीखाली "सर्व पात्रे काल्पनिक" असे आम्ही छापले होते, पण त्याच घरात ती ओळ काय कामाची? भाऊजी रागावले नाहीत. त्यांनी एवढेच कळवले, की त्या रात्री दवाखान्यासमोरच्या आयएसडी बूथवरून आपण तीन वेळा फोन लावला होता. घंटा वाजत होती. कोणी उचलला नाही.

काकूंना ती संध्याकाळ आठवली. मिरजेला रात्र होती तेव्हा इथे दिवेलागण. काका दुपारच्या पाळीला गेलेले. तान्ही मुलगी तापाने किरकिरत होती, कशीबशी झोपली, म्हणून काकूंनी फोनची पिन भिंतीतून काढून ठेवली. सकाळी पुन्हा लावली, आणि त्यानंतर आलेला पहिला फोन आई गेल्याचा होता. त्या दुःखात कोणी कोणाला काही विचारले नाही, पुढे विचारायचे राहून गेले. पिनेचा आणि फोनचा संबंध त्यांनी तीस वर्षांत कधी जोडलाच नव्हता.

महिन्याभराने काकूंनी नवा खर्डा आणला. आता चौथ्या भागात थोरला भाऊ मुठीत चिल्लर घेऊन बूथच्या रांगेत उभा आहे, आणि इकडे भिंतीतून निघालेली पिन आहे. पहिल्या तीन भागांतले थोरल्याच्या चिकटपणाचे दोन टोमणेही त्यांनी काढले आहेत. कागद टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "पाडव्याचे अंक परत मागवा, फाडून टाका आणि हे छापा. आधीचं मी लिहिलंच नव्हतं असं समजा."

इथून आमचे भांडण सुरू झाले.

एकाचे म्हणणे, छापले ते छापले. तीन पाने पुन्हा छापायची म्हणजे तितक्या पानांच्या बातम्या गळणार, आणि उद्या जो तो उठून जुने लेख दुरुस्त करून आणील. दुसऱ्याला काकूंचे म्हणणे पटले होते. हे गृहस्थ कारखान्यात दर्जा तपासणीच्या खात्यात. त्यांनी अर्थातच गाडीची उपमा दिली : दोष निघाला की कारखाना मालकाला पत्र धाडतो, गाडी परत बोलावतो, खराब भाग बदलून देतो. आपणही तेच करू. आपल्या गावात हा उपाय सुचणे साहजिक आहे. पण गाडी अंगणात उभी असते, ती बोलावता येते. वाचलेली गोष्ट कुठे उभी असते? आजोबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "माझी फाइल मी देणार नाही. अंक नेलात तरी मला तोंडपाठ आहे."

तिसरी सूचना अशी, की जुन्याला हात न लावता पाचवा भाग लिहावा. याला मोठा आधार आहे. कॉनन डॉईलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून संपवले. वाचक खवळले. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याने होम्सला परत आणले, पण जुनी गोष्ट बदलली नाही. त्याने ठरवले की प्रेत कोणी पाहिलेच नव्हते, वॉटसनने खुणांवरून अंदाज केला आणि तो चुकला. जुनी गोष्ट जागेवर राहिली, आणि पुढच्या गोष्टीने तिचा अर्थ बदलला. आम्हाला हे फार आवडले. काकूंना आवडले नाही. त्या म्हणाल्या, "माझी गोष्ट पुढे गेलेली नाही. मागचंच चुकलं आहे."

यावर आम्ही गप्प झालो, कारण ते खरे होते. पुढचा भाग वेगळा आणि दुरुस्ती वेगळी.

मग दुसऱ्या शनिवारी, उपाय सापडतो का म्हणून, आम्ही जुन्या लोकांकडे वळलो.

क्रमशः लिहिणे हा मराठीतला जुना संसार आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूची कहाणी आठवड्या-आठवड्याने दिली. पुस्तक झाले १८९३ मध्ये. म्हणजे यमूचा हात धरून वाचक तीन वर्षे चालला. अशा लिहिण्यात लेखकाची एक अडचण असते : पुढचे प्रकरण लिहायला बसावे तर मागचे घरोघरी गेलेले असते, ते आता एकट्या लेखकाचे उरलेले नसते. चार्ल्स डिकन्सही असाच हप्त्यांनी लिहिणारा. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये त्याच्याच साप्ताहिकात येत होती. शेवट लिहून झाल्यावर एका लेखकमित्राने आग्रह केला म्हणून त्याने तो बदलला. पण बदलला तो छापायच्या आधी. मूळ शेवट लोकांना कळला तो डिकन्सच्या मृत्यूनंतर, त्याच्या चरित्रातून. छापण्यापूर्वी लेखक राजा आहे. छापून झाल्यावर त्या राज्याला वाटेकरी येतात.

आपल्या मुलांच्या उशाशी असलेले पुस्तक घ्या. ग्रिम बंधू आपल्याच प्रांतातल्या ग्योटिंगेनला प्राध्यापक होते. राजाने राज्यघटना रद्द केली म्हणून १८३७ मध्ये निषेध करणाऱ्या सात प्राध्यापकांत हे दोघे होते आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली. त्यांच्या परीकथांचा पहिला भाग १८१२ सालचा. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. हेन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना रानात सोडायला लावणारी बाईसुद्धा आधी सख्खी आईच होती, ती १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत हे हात फिरवणे चालू होते. भावांच्या टिपणांसह त्यांच्या स्वतःच्या प्रती कासेलला जपलेल्या आहेत, आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली.

आता यात काय झाले ते बघा. खर्डा बदलला तेव्हा दोष नाहीसा झाला नाही. तो एका बाईवरून उचलून दुसरीवर ठेवला गेला. सख्खी आई सुटली आणि जगातल्या सगळ्या सावत्र आया अडकल्या. आज हे आपल्याला कळते, कारण पहिली आवृत्ती कोणी फाडून टाकली नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या की दोष कुठून कुठे सरकला ते दिसते.

घरचे उदाहरण गोडसे भटजींचे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि ऐन बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी गावात राहून सोसला. पुढे १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ही हकीकत मोडीत लिहून काढली. भटजींच्या पश्चात १९०७ मध्ये वैद्यांनी 'माझा प्रवास' छापले, पण स्वतःचा हात फिरवून आणि बराच फेरफार करून. इंग्रजी राज्य होते, आणि विषय बंडाचा. पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक पुन्हा काढले. मधली एकोणसाठ वर्षे मराठी वाचक वैद्यांचे शब्द भटजींचे म्हणून वाचत होते. ही चूक सुधारता आली कशामुळे? मूळ बाड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात शिल्लक होते म्हणून. वैद्यांनी भाषा बदलली, पण मूळ बाड जाळले नाही. याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

आणि सगळ्यात जुने, सगळ्यात नेटके काम नाथांचे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढच्या तीनशे वर्षांत ती हातोहात उतरली गेली, आणि उतरणाऱ्यांनी आपापल्या ओव्या तीत मिसळल्या. एकनाथांनी पोथ्या ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. काम पुरे झाले ती भाद्रपद वद्य षष्ठी आपण आजही ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळतो. पण आम्हाला या वेळी नाथांची दुसरीच गोष्ट जाणवली. त्यांनी पोथीच्या शेवटी लिहून ठेवले : हे कोणी केले, कोणत्या शकात केले, का करावे लागले. आणि पुढच्यांना बजावले, की यात आपली ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे.

हे वाचल्यावर आमचे दर्जा तपासणीवाले गृहस्थ ताडकन उठले. "अहो, हा तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला तक्ता!" तुमच्यापैकी निम्म्यांना हा तक्ता रोज दिसतो. भागाचे ड्रॉइंग बदलले की कोपऱ्यात नोंद होते : बदल कोणता, तारीख कोणती, सही कोणाची. जुने ड्रॉइंग रद्द होते, पण दप्तरातून जात नाही, कारण जुन्या ड्रॉइंगवरून बनलेल्या गाड्या रस्त्यावर धावत असतात. तक्त्याशिवाय बदललेल्या ड्रॉइंगवर कोणी शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही.

गाड्या रस्त्यावर धावत असतात, या वाक्यापाशी आमची गाडी थांबली. काकूंच्या पहिल्या चौथ्या भागाच्या प्रतीही अजून धावत आहेत. आजोबांच्या फाइलमध्ये आहेत, पुण्यात आहेत, सांगलीत आहेत, आणि त्याहून जास्त आमच्या तुमच्या डोक्यात आहेत. प्रत्येक ठिकाणी थोरला भाऊ मान खाली घालून उभा आहे. आम्ही गुपचूप नवा भाग छापला आणि जुना नव्हताच असे म्हटले तर नव्या वाचकाला वाटेल, थोरल्यावर कधी आळ आलाच नव्हता. जुना वाचक म्हणेल, वेगळी गोष्ट दिसते. आणि मिरजेच्या भाऊजींच्या हाती काय पडेल? काहीच नाही. ज्याच्यावर आळ घेतला, तो आळ होता हेच पुसून टाकले तर त्याची माफी कशी मागणार?

तिसऱ्या शनिवारी हे आम्ही काकूंना जसेच्या तसे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी लाज वाचवायची म्हणून फाडा म्हणत होते मी. भाऊजींचं नावच घेतलं फक्त." आमच्यापैकी कोणाला हे बोलायचे धाडस झाले नसते. थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "राहू दे जुना. पण मी चुकले, हे माझ्या नावानं छापा. 'लेखिकेने सुधारणा केली' असलं गुळमुळीत नको."

तर मंडळी, एकमताने ठरले ते असे.

जुने अंक जसे आहेत तसे राहतील. कोणी परत करू नयेत, कोणी फाडू नयेत. आमच्या संग्रहातली प्रतही तशीच राहील.

चौथा भाग या अंकात पुन्हा पूर्ण छापला आहे. त्याच्या डोक्यावर चौकट आहे : पाडव्याच्या अंकात हा भाग वेगळा आला होता, त्यात थोरल्या भावाने फोन केला नाही असे लिहिले होते, ते चूक होते. खाली काकूंचे नाव आणि तारीख. पहिल्या तीन भागांतले दोन टोमणे कोणत्या पानावरचे, तेही चौकटीत दिले आहे. त्यासाठी तिन्ही भाग पुन्हा छापत नाही.

शनिवारच्या वर्गात मुलांना आता दोन्ही चौथे भाग वाचून दाखवायचे ठरले आहे. ग्रिमच्या दोन आया त्यांना कळू शकतात, तर मिरजेचे एक काका कळायला हरकत नाही.

पुढच्यासाठी नियमही करून ठेवतो. शुद्धलेखन, तारखा, गावांची नावे सुधारायची असतील तर पुढच्या अंकात दोन ओळींची नोंद येईल. नुसती भाषा आणखी छान करायची असेल तर ती हौस लेखकाने पुस्तक काढताना भागवावी, आमची पाने मोजकी आहेत. पण सुधारणेने एखाद्या माणसावरचा दोष उतरत किंवा चढत असेल तर तो भाग पूर्ण छापू, बदल काय ते सांगून छापू, आणि बातम्या गळल्या तरी चालतील. या वेळी गळाल्या आहेतच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा हिशेब पुढच्या अंकात.

आता एक काम तुमच्याकडे. पाडव्याचा अंक ज्यांनी ज्यांनी तिकडे पाठवला, कोणाच्या बॅगेतून, पाकिटातून किंवा फोटो काढून फोनवर, त्यांनी हा अंकही त्याच वाटेने, त्याच माणसांना पाठवावा. पहिला दहा घरांत गेला असेल तर हाही दहा घरांत गेला पाहिजे. नऊ चालणार नाहीत. मिरजेची प्रत काकू स्वतः घेऊन जाणार आहेत. तिकीट श्रावणातले आहे.

आणि हो, चौथ्या भागाची पाने मुद्दाम स्टेपल न करता सुटी दिली आहेत. ती पाडव्याच्या अंकात, जुन्या चौथ्या भागाच्या मागे लावा. जुनी पाने काढू नका. आजोबांनी फाइल घेऊन आम्हाला घरी बोलावले होते. त्यांनी पंच आधीच मारून ठेवला होता.

कळावे, लोभ असावा.